मशीन उठताना काय बोलतं

हेलसिंकी, सप्टेंबर १९९१. तुम्ही एका विद्यार्थ्याच्या खोलीत, त्याच्या खुर्चीमागे उभे आहात. त्याला तुम्ही दिसत नाही आणि ते बरंच आहे, कारण एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सला या घडीला पाहुण्यांत काडीचा रस नाही. टेबलावर ३८६ प्रोसेसरचं मशीन आहे: ३३ मेगाहर्ट्झ, चार मेगाबाइट मेमरी. जानेवारीत घेतलंय, हप्त्यांवर. हप्ते अजून फिटायचेत.

तो फ्लॉपी आत सरकवतो आणि मशीन पुन्हा सुरू करतो. मोटर घरघरते. काळ्या स्क्रीनवर उमटतं, ‘लोडिंग सिस्टिम’, पुढे तीन टिंबं.

तुम्हाला वाटतं, लिनक्स बोललं, त्यानंच लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम. पण लिनक्स अजून मेमरीत आलेलंच नाही. हे शब्द फ्लॉपीच्या पहिल्या ५१२ बाइटांत मावलेल्या इवल्याशा प्रोग्रामचे आहेत. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलून मेमरीत आणायचा आणि वाटेतून बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. नंतर कर्नल स्वतः बोलू लागतो. पार्टिशन टेबल ठीक आहे. डिस्कवर इतके ब्लॉक मोकळे आहेत. बफरसाठी इतके बाइट बाजूला काढलेत. ओके. संपलं. पुढे शेलचा प्रॉम्प्ट आणि लुकलुकणारा कर्सर.

काही महिन्यांपूर्वी तर एवढंही नव्हतं. तेव्हा याच स्क्रीनवर दोन कामं आळीपाळीनं चालायची. एक ‘ए’ अक्षर छापत राही, दुसरं ‘बी’. ए-ए-ए-ए, मग बी-बी-बी-बी, पुन्हा ए. टायमरच्या ठोक्यावर प्रोसेसर एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारतोय, हे डोळ्यांना दिसावं म्हणून केलेली ती युक्ती. पुढे जगभरच्या सर्व्हरांत आणि खिशातल्या फोनांत जाऊन बसलेल्या या कर्नलची बोलायची सवय तिथपासूनची आहे.

स्क्रीनकडे पाहणाऱ्या लिनसकडे पाहा. तो ओळी वाचत नाहीये, मोजतोय. प्रत्येक ओळ ही मशीन अडकू शकेल अशी एक जागा आहे. ओळ उमटली म्हणजे तिथवर सगळं धड आहे. उमटली नाही, तर दोष तिच्यात आणि आधीच्या ओळीत कुठेतरी आहे. डीबगर नाही, दुसरं मशीन नाही; आहे ती ही छापलेली खूण. बूट होतानाच्या संदेशांचा जन्म सौजन्यातून झालेला नाही, गरजेतून झालाय. ही माहिती तुमच्यासाठी नव्हतीच मुळी. ती लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी ठेवली होती. एक तेवढं: कीबोर्डला हात लावू नका, तो फिनिश मांडणीचा आहे, ०.०१ आवृत्तीत दुसरी मांडणी गृहीतच धरलेली नाही.

स्क्रीन पुसली जाते. १९९३.

आता लिनक्स एकट्याचं राहिलेलं नाही. प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं आपली एक ओळ घातलीये: हे सीडीचं उपकरण सापडलं, हे नेटवर्क कार्ड, हा सिरियल पोर्ट. स्क्रीनवर मात्र ८० अक्षरांच्या २५ ओळीच मावतात. तुम्ही चष्मा सावरेपर्यंत पहिल्या दहा ओळी वरच्या कडेतून निघून गेलेल्या असतात. मेमरी किती सापडली हे त्यात होतं, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं होतं.

कर्नल स्क्रीनवर जे छापतो त्याची एक प्रत मेमरीतही ठेवतो. जागा ठरलेली आहे. या काळात ४०९६ बाइट, म्हणजे जेमतेम दोन स्क्रीन मजकूर. ती भरली की नवी ओळ सर्वांत जुन्या ओळीच्या जागी बसते. विहिरीवरचा राहाट आठवा: गाडगी तेवढीच, पाणी बदलतं. ही प्रत वाचून दाखवणारा लिनक्सवरचा छोटा प्रोग्राम याच वर्षी थिओडोर त्सो यांनी लिहिलाय. नाव ‘डीमेसेज’. टाइप करताना डी, एम, ई, एस, जी अशी पाचच अक्षरं. नाव जुन्या युनिक्सकडून आलेलं. ती पाच अक्षरं टाइप करा आणि एंटर दाबा. मघाशी निसटलेल्या ओळी परत समोर येतात.

त्यात एका ओळीशी जरा थांबा. ‘कॅलिब्रेटिंग डिले लूप’, पुढे एक आकडा, पुढे ‘बोगोमिप्स’. काही उपकरणांना हुकूम दिल्यावर क्षणभर थांबावं लागतं. थांबायचं कसं, तर रिकाम्या फेऱ्या मारत. पण ठरावीक वेळात हा प्रोसेसर किती रिकाम्या फेऱ्या मारतो, हे आधी मोजायला हवं. तेच मोजमाप इथे चाललंय. थोडक्यात, हे मशीन काहीही न करण्याचं काम किती वेगानं करतं, त्याचा आकडा. वेगाची तुलना करायला तो निरुपयोगी आहे, हे नावातल्या ‘बोगस’नंच सांगून टाकलंय. तरी ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ वर तेहतीसच्या आसपास आकडा पाहिलेला माणूस तो मित्राला सांगितल्याशिवाय राहत नाही. आकडा दिसला की माणसं त्याची शर्यत लावतात; त्याला लिनक्स काय करणार?

पुणे, १९९९. एका इंजिनिअरिंग कॉलेजचं हॉस्टेल, दुसरा मजला. खोलीत चार जण आणि एक असेंबल केलेलं मशीन. त्याच्या केसचं झाकण गेले कित्येक महिने पलंगाखाली आहे. इंटरनेटवरून अख्खं लिनक्स उतरवून घेणं इथे कुणाच्या स्वप्नातही नाही. डायलअपवर त्याला जितके तास लागतील तितक्यांचं फोनबिल घरून कोण भरणार? म्हणून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत आलेली सीडी. ती या खोलीत येण्याआधी मजल्यावरच्या बऱ्याच खोल्यांतून फिरून आलीये.

इन्स्टॉल झालंय. मशीन पुन्हा सुरू होतं. स्क्रीनवर ‘एल’ येतो, मग ‘आय’. आणि मग काहीच नाही.

“अरे, एल-आय वर बसलंय.”

“विंडोज गेलं का माझं? परवा सबमिशन आहे!”

“गप रे. फ्लॉपी काढ ती बूटची.”

घाबरू नका, विंडोज जागेवर आहे. ही करामत ‘लिलो’ची. वेर्नर आल्मेस्बर्गर यांनी लिहिलेला हा बूट लोडर आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून छापतो आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक पायरी चढल्याची खूण. नुसता ‘एल’ आला तर पहिला टप्पा चालू झाला, पण दुसरा वाचता आला नाही. ‘एल-आय’ आलं तर दुसरा टप्पा वाचला, पण तो चालवता आला नाही. बहुतेक वेळा कारण दोहोंपैकी एक: डिस्कची मापं बायोस एक सांगतो आणि लिलो दुसरी धरून चालतो, किंवा तो दुसरा टप्पा डिस्कवर १०२४व्या सिलिंडरच्या पलीकडे जाऊन पडलाय, जिथवर जुन्या बायोसचा हात पोहोचत नाही. चार अक्षरांत एवढं निदान मावलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. नंतरच्या गुळगुळीत एरर स्क्रीनवर रडका चेहरा आला, त्यापेक्षा हे ‘एल-आय’ कितीतरी सभ्य.

फ्लॉपीवरून बूट करून, लिलो पुन्हा लिहून, पोरं मार्गी लागतात. आता खरी मिरवणूक सुरू होते. ‘अनकम्प्रेसिंग लिनक्स’. मग प्रोसेसर, मेमरी. इंटेलच्या जुन्या पेंटियममध्ये १९९७ साली एक दोष सापडला होता, एका विशिष्ट हुकमानं अख्खं मशीन गोठायचं. तसला प्रोसेसर असेल तर कर्नल इथेच सांगून टाकतो, की दोष आहे आणि त्यावर तोडगा लावलाय. मग हार्ड डिस्क: नाव, आकार, पार्टिशनं. मग साउंड कार्ड.

मोडेम? मोडेमची ओळ नाही. शिफ्ट दाबून धरा आणि पेज-अप दाबा; स्क्रीन मागे सरकते. पुन्हा वाचा. नाहीच. दुकानदारानं स्वस्तात बसवून दिलेलं ते मोडेम निम्मं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकलणारं निघालं. लिनक्सला ते मोडेम म्हणून ओळखूच येत नाही. कार्ड स्लॉटमध्ये आहे, पैसे गेलेत, आणि कर्नलनं त्याच्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. या ओळी वाचायला शिकणं म्हणजे अर्धं हेच: कुठली ओळ यायला हवी होती आणि आली नाही.

आज गुरुवार आहे, हे पोरं विसरलीत. पुण्यात गुरुवार विसरून चालत नाही. पंखा मंदावतो, स्क्रीन विझते, खालच्या मजल्यावरून ओरडा होतो. लाईट गेली, दर गुरुवारी जाते तशी.

दोन तासांनी लाईट आल्यावर जे दिसतं ते त्या काळी लिनक्स वापरलेल्या कुणाही मराठी माणसाला पाठ असेल. डिस्क नीट बंद केली गेली नव्हती, म्हणून तपासणी सक्तीची. टक्केवारी रांगत पुढे सरकते. एक्स्ट-टू या फाइलसिस्टिममध्ये कुठली फाइल अर्धवट लिहिली गेली याची वेगळी नोंद नसते, त्यामुळे वीज गेली की सगळ्या डिस्कचा पंचनामा. चौघंही स्क्रीनकडे बघत बसतात. एकजण चहा सांगायला जातो. नशीब वाईट असेल तर तपासणी मधेच थांबते: गडबड मोठी आहे, रूटचा पासवर्ड द्या आणि हातानं दुरुस्त करा. मग ‘दुरुस्त करू?’ या प्रश्नाला ‘वाय’, ‘वाय’, ‘वाय’ असं बोट दुखेपर्यंत दाबत राहायचं. नेमकं कशाला होकार देतोय ते कुणाला ठाऊक नसतं.

२००१च्या नोव्हेंबरात २.४.१५ या कर्नलसोबत एक्स्ट-थ्री आलं. बदल आधी वहीत टिपायचा आणि मग डिस्कवर उतरवायचा, ही त्याची रीत. ती ताटकळ मग संपली.

इथून वेगानं पुढे जाऊ, वाटेत एक गोष्ट तेवढी टिपून ठेवा. ओळींच्या डाव्या बाजूला आता चौकटी कंसात सेकंद येऊ लागलेत, दशांशानंतर सहा घरं. पण पहिल्या कित्येक ओळींपुढे शून्य पूर्णांक आणि नुसती शून्यंच. या ओळी एकाच क्षणी आलेल्या नाहीत. घड्याळ अजून लागलेलंच नाही, आणि कर्नल त्याआधीपासून बोलतोय.

पोर्टलंड, अमेरिका, सप्टेंबर २००८. लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्स. इंटेलचे आर्यन व्हान दे फेन आणि आउके कोक यांनी एक इटुकला लॅपटॉप आणलाय, आसुसचा ईईई पीसी. त्यांचा दावा: पाच सेकंदांत पूर्ण डेस्कटॉप. हिशेबही आखून आणलाय, कर्नलला एक सेकंद, सुरुवातीच्या सेवांना एक, ग्राफिक्सला एक, डेस्कटॉपला दोन. आणि ते करून दाखवतात. सभागृहातले लोक आपापल्या लॅपटॉपकडे बघतात, आणि त्या नजरेत प्रेम नसतं.

ओळी आता कुठे आहेत? झाकल्या गेल्यात. पाच सेकंदांच्या बूटमध्ये डोळ्यांना वाचता येईल असं काही उरत नाही, हे एक कारण. दुसरं जास्त खरं: काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावली की सामान्य माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलंय. म्हणून त्याच वर्षीच्या फेडोरा १० या लिनक्स वितरणात प्लिमथ नावाचा पडदा आला. तो ओळींवर सुबक चित्र ओढतो. मला त्यात वाईट काही दिसत नाही. माझ्या मते वाईट झालं ते पुढे: पडद्यामागे काही चाललंय, हेच नव्या पिढीला कुणी सांगितलं नाही.

२०११च्या मे महिन्यात फेडोरा १५ आलं, सोबत सेवा उठवणारी सिस्टिमडी. आता सेवा एकामागोमाग उठत नाहीत, एकदम उठतात, आणि हिरव्या ‘ओके’ची रांग लागते. एखादी अडली की लाल ताऱ्यांची छोटी पट्टी डावी-उजवीकडे फिरते आणि शेजारी सेकंद मोजले जातात, सहसा दीड मिनिटापर्यंत. एका हरवलेल्या स्वॅप पार्टिशनची वाट पाहत ते दीड मिनिट रोज सोसणारी माणसं आहेत. ओळीत पार्टिशनचं नाव लिहिलेलं असतं; ते वाचून डिस्कांच्या यादीतून काढलं की काम झालं.

२०१४च्या एप्रिलमध्ये याच ओळींवरून भांडण पेटलं. बूट करताना कर्नलला ‘डीबग’ हा शब्द दिला की सिस्टिमडीही तोच शब्द उचलायची आणि इतकं बोलू लागायची, की काही मशीन उठेचनात. शब्द कुणाचा, कर्नलचा की सगळ्यांचा, यावर वाद. टोरवाल्ड्स यांनी सिस्टिमडीच्या के सीव्हर्स यांचं काम कर्नलमध्ये घेणार नाही असं जाहीर सांगितलं. बाहेरच्याला हा पोरकटपणा वाटेल. पण ज्यांनी ती शेवटची ओळ शोधत रात्री काढल्यात, त्यांना संदेशांच्या त्या राहाटात कुणी भलतंच पाणी ओतलं तर राग येणारच.

आणि २०२०च्या सप्टेंबरात टोरवाल्ड्स यांनीच कन्सोलवरचं ते शिफ्ट आणि पेज-अप काढून टाकलं. त्या कोडमध्ये सुरक्षेचे दोष निघत होते आणि ते सांभाळायला कुणी पुढे येत नव्हतं. पुण्याच्या हॉस्टेलमध्ये तुम्ही जी कळ दाबली, ती आज दाबून बघा; स्क्रीन हलत नाही.

आज. तुमचा स्वतःचा लॅपटॉप. उबंटू किंवा फेडोरा आहे असं धरू. झाकण उघडा, बटण दाबा. कंपनीचा लोगो, फिरणारं चक्र. एस्केप दाबा. बहुतेक वितरणांत पडदा बाजूला होतो आणि धावत्या ओळी दिसतात. चार कोअरचं रास्पबेरी पाय असेल आणि ओळी झाकलेल्या नसतील, तर वरती चार फळं ओळीनं दिसतील. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमागे एक. जुन्या मशीनवर त्या जागी पेंग्विन असायचे, हिशेब तोच.

लॉगिन झाल्यावर टर्मिनल उघडा आणि तीच १९९३ची पाच अक्षरं लिहा. उबंटू किंवा डेबियनवर आधी सुडो लावावं लागेल. या ओळींतून कर्नलचे मेमरीतले पत्ते बाहेर फुटू शकतात, म्हणून सामान्य वापरकर्त्याला मनाई आहे. अगदी वर जा. पहिल्या ओळीत कर्नलची आवृत्ती, तो कुठल्या कंपायलरनं आणि कुठल्या तारखेला बांधला ते. त्याच्या लगेच खाली, बूट करताना कर्नलला दिलेले हुकूम. उबंटूवर त्या ओळीच्या शेवटाकडे दोन शब्द असण्याची बरीच शक्यता आहे: ‘क्वाएट स्प्लॅश’. गप्प बस आणि चित्र दाखव. गप्प बसण्याचा हुकूम कर्नलनं इमानदारीनं टिपून ठेवलाय आणि पुढे शेकडो ओळी बोललाय.

कारण ‘क्वाएट’नं नोंद थांबत नाही. संदेशांच्या शून्य ते सात अशा आठ पातळ्या असतात, शून्य म्हणजे हाहाकार, सात म्हणजे कारागिराची पुटपुट. ‘क्वाएट’ दिलं की शून्य ते तीन एवढ्याच पातळ्या स्क्रीनवर येतात. मेमरीतल्या प्रतीत बाकीच्याही जातात. डीमेसेजला वजा-वजा-लेव्हल लिहून पुढे ‘एरर’ आणि ‘वॉर्न’ची छोटी नावं, ई-आर-आर आणि डब्ल्यू-ए-आर-एन, दिली की नेमका तेवढाच ऐवज हाती येतो. मोठं ‘टी’ लावलं तर सेकंदांऐवजी तारीख-वेळ दिसते, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. लॅपटॉप मधे झोपवून उठवला असेल, तर ती वेळ चुकू शकते. प्रोग्रामच्या माहितीपानावर तसा इशाराच दिलाय. मशीन काल रात्री आपोआप बंद पडलं असेल तर सिस्टिमडीच्या जर्नलसीटीएलला वजा बी आणि वजा एक द्या, आधीच्या बूटची अख्खी नोंद येते. अट एकच, ती डिस्कवर राखली जात असली पाहिजे. कर्नल पूर्ण कोसळला तर? २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ कर्नलपासून अखेरचे संदेश क्यूआर कोडमध्ये बांधून दाखवायची सोय आहे. फोननं टिपायचे.

हा प्रवास घडवण्यामागे माझा एक स्वार्थ आहे. वायफाय चालत नाही, डिस्क हळू झाली, मशीन मधेच गोठतं, असं कुणी सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: “सगळं पुसून पुन्हा टाकलं.” किंवा त्याहून महागडं: “दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला.” डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर वाचता न आलेल्या सेक्टरांच्या ओळी डीमेसेजमध्ये सहसा आधीच साचलेल्या असतात. वायफायसाठी फर्मवेअरची एक फाइल कमी असेल तर तिचं नाव तिथे लिहिलेलं असतं, आणि ती फाइल फुकट मिळते.

तेव्हा पुढच्या वेळी मशीन अडलं, की काही पुसण्याआधी एवढं करा. चालू करताना ग्रब या बूट लोडरचा मेन्यू आणा, त्यावर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’नं सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्या शेवटाकडचे ‘क्वाएट’ आणि असल्यास ‘स्प्लॅश’ खोडा आणि एफ-१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, काही बिघडत नाही. ओळी धावू लागल्या की फोनवर व्हिडिओ काढा, आणि दुकानात गेलात तर मशीनसोबत तोही दाखवा.